खोकताना लघवी होते का?

पुण्यात एखाद्या विषयावर बोलायला माणूस मिळाला नाही, असं सहसा होत नाही. गुडघ्यांवर शिबिर, मोतीबिंदूवर परिसंवाद, मधुमेहावर दर रविवारी कुठे ना कुठे व्याख्यान आणि नंतर बिनसाखरेचा चहा. आमच्या सोसायटीतले आजोबा सकाळी बाकावर बसून रात्री किती वेळा उठावं लागलं याचे आकडे एकमेकांना खणखणीत आवाजात सांगतात. कुणाचं प्रोस्टेट किती ग्रॅमचं निघालं हेही सगळ्या इमारतीला पाठ आहे. पुरुषाची लघवी हा सार्वजनिक चर्चेचा विषय आहे. (ती सार्वजनिक ठिकाणी दिसतेही, पण ते पुढे.) त्याच बाकासमोरून त्यांच्या बायका फेऱ्या मारत असतात. त्यांतल्या कितीजणींनी आत पॅड लावलंय, याची खबर बाकावर कुणालाच नसते.

मला असते, कारण मी त्यांतलीच. वय अठ्ठावन्न, दोन बाळंतपणं, पहिलं चिमटा लावून. त्यानंतर कितीतरी वर्षं शिंक आली की मी आधी मांड्या आवळायची आणि मग शिंकायची. हे वाचून ज्यांना कसंतरी झालं त्यांनी पान उलटावं, पलीकडे राशिभविष्य आहे.

बागेतल्या हास्यसंघाकडे कधीतरी नीट बघा. दोन्ही हात वर, पोटातून हसा, ताई, मोकळं हसा! मागच्या रांगेतल्या बायका पायाला पाय अडकवून उभ्या असतात आणि फक्त तोंडाने हसतात. पोटातून हसलं तर काय होईल ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. बालगंधर्वला विनोदी नाटक लागलं की आधी कडेची खुर्ची शोधतात, मग कलाकार कोण ते बघतात. प्रवासाला निघायच्या आदल्या दिवसापासून पाणी बंद. साडी गडद रंगाची, पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत जादा निकर. कर्वे रस्त्यावर गाडी खड्ड्यात आदळली की पुरुष नगरसेवकाला शिव्या देतो. मागे बसलेली त्याची बायको गप्प असते, कारण तिला घरी जाऊन कपडे बदलायचे असतात. ही सगळी व्यवस्था बायकांनी एकेकटीने, कुणाला न विचारता, कुणाला न सांगता बसवलेली आहे. इतकी चोख व्यवस्था महापालिकेला कधी जमलेली नाही.

आणि कृपा करून हा म्हातारपणाचा आजार म्हणून बाजूला सारू नका. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव चालतो. कमरेला आवळून बांधलेला वजनदार ढोल, त्यासकट उड्या, आणि तासन्‌तास लघवीला जायला आडोसा नाही. माझी भाची, वय चोवीस, लग्न नाही, मूल नाही, मला हळूच म्हणाली, "मावशी, ढोल घेऊन उडी मारली की थोडीशी शू होते. पथकातल्या आणखी दोघींना होते. नॉर्मल असेल ना?" नॉर्मल नाही गं. पुष्कळजणींना होतं, एवढंच. पुष्कळजणींना होतं म्हणून ते ठीकच आहे, ही चलाखी या देशात बायकांच्या दुखण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाळीत दुखतं? सगळ्यांनाच दुखतं. कंबर गेली? सगळ्यांचीच जाते.

यंत्रणा समजायला सोपी आहे. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हे तिन्ही तिच्यावर विसावलेले. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा. खोकलं, हसलं, बादली उचलली की पोटातला दाब एकदम वाढतो. झोळी घट्ट असेल तर मूत्रमार्ग तिच्यावर दाबला जाऊन मिटतो. ती सैल पडली असेल तर सगळंच खाली सरकतं आणि मार्ग मिटायच्या आत लघवी निघून जाते. बाळंतपणात मुलाचं डोकं बाहेर येताना या स्नायूंचा काही भाग मूळ लांबीच्या तिपटीपेक्षा जास्त ताणला जातो. हाताचा किंवा पायाचा स्नायू असा ताणला असता तर घरच्यांनी पंधरा दिवस प्लास्टर, महिनाभर फिजिओथेरपी आणि शेजाऱ्यांनी डब्यांचे डबे दिले असते. सिझेरियन झालं म्हणजे सुटलो असंही नाही. धोका कमी होतो, जात नाही. पाळी गेल्यावर तिथल्या पेशी नाजूक होतात. वाढलेलं वजन, जुना खोकला, रोजचं कुंथणं हे वर्षानुवर्षं तीच झोळी खाली ढकलत असतात. यात बाईचं चारित्र्य, आळस, निष्काळजीपणा यांतलं काहीही येत नाही. तरी लाज मात्र तिलाच वाटते.

आता डॉक्टरांकडे वळू. धीर करून मी पहिल्यांदा एका बाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी संगणकावरची मान वर न करता सांगितलं, "काकू, या वयात एवढंतेवढं व्हायचंच. पाणी जरा बेताने प्या." तपासणी नाही, लघवीची चाचणी नाही, दुसरा प्रश्न नाही. फी मात्र पूर्ण. पाणी बेताने प्यायचा हा सल्ला कुठून आला कोण जाणे. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं, जंतुसंसर्गाला आमंत्रण मिळतं आणि बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच. गळणारी बाई पाणी तोडते तेव्हा ती गळती बंद करत नाही, उलट त्यात भर पडू शकते.

खरं तर तिथल्या तिथे पुष्कळ काही कळू शकतं. मूत्राशय भरलेलं असताना बाईला खोकायला सांगायचं आणि बघायचं; त्या क्षणी लघवी सुटली तर निदान बरंचसं झालंच. लघवी तपासून संसर्ग नाही ना, साखर नाही ना, हे पाहायचं. तीन दिवस कधी किती प्यायलं, कधी किती गेलं, कधी सांडलं, हे वहीत लिहून आणायला सांगायचं. एवढ्याने दोन प्रकार वेगळे ओळखता येतात. एक दाबाने गळण्याचा, माझा. दुसरा घाईचा: कुलपात किल्ली घातली की एकदम कळ येते आणि बाथरूमपर्यंत पोचेतो उशीर होतो. काहींना दोन्ही असतं. उपाय मात्र निरनिराळे. माझ्या एका मैत्रिणीला दाबाचा त्रास असताना कित्येक महिने घाईच्या लघवीची गोळी चालू होती. गोळीने तोंड कोरडं पडलं, बद्धकोष्ठ झालं, बद्धकोष्ठाने कुंथणं आलं आणि कुंथण्याने गळणं वाढलं. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला.

रक्तदाबाच्या गोळ्यांकडेही कुणी बघत नाही. ज्यांची नावं 'प्रिल'ने संपतात, एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे, त्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. दिवसभर ढासणारी बाई दिवसभर गळते. प्राझोसिनसारख्या गोळीने मूत्रमार्गाचा स्नायूच सैलावतो. स्वतःहून गोळ्या बंद करू नका, पण डॉक्टरांपुढे पाकीट ठेवून विचारा. रक्तदाबाचा डॉक्टर वेगळा, बायकांचा वेगळा आणि मधल्या मध्ये बाई ओली, हे आपल्याकडचं तज्ज्ञत्व आहे.

सगळं डॉक्टरांवर टाकून घरच्यांना मोकळं सोडणार नाही. आपल्याला बाळंतिणीच्या कौतुकाचा फार अभिमान. सव्वा महिना तेल लावणं, शेकशेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला फडकं, पायात मोजे. पोट सुटू नये म्हणून सुती पातळाने पोट आवळून बांधायचं. पोट सुटलेलं लोकांना दिसतं ना, म्हणून. पोटाखालच्या ज्या स्नायूंनी खरा मार खाल्ला, त्यांच्यासाठी शंभर वर्षांच्या आज्या, सासवा, सुईणी आणि मालीशवाल्या बायका मिळून एक उपाय सांगत नाहीत. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना पुन्हा शिकवण्याची सत्रं सरकारी आरोग्य विम्यातून मिळतात, आणि बायका ती घेतात, केशकर्तनालयात जावं तितक्या सहज. आमच्याकडे सव्वा महिना संपला की ओटी भरतात आणि वर पाण्याची कळशी उचलायला मोकळी.

सत्य शोधायला बाहेरदेशी जायची तशी गरज नव्हती. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० बायकांची तपासणी केली. ते संशोधन १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, सरासरी साडेतीनहून जास्त दुखणी एकेकीला, आणि त्याआधी कधीही अंतर्गत तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. जगभर त्याची दखल घेतली गेली. त्याला पस्तीस वर्षं उलटून गेली. पुण्याच्या बाईला वाटतं, ते गडचिरोलीचं, आपण शिकलेल्या. मग सांगा, शिकलेल्या बाई, तुम्ही शेवटचं कुणाला सांगितलंत?

या मौनात जो खरा बाजार भरतो, तो बीडला दिसला. ऊसतोड करणाऱ्या बायका मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या शिडीवर चढतात, बाळंत होऊन थोड्याच आठवड्यांत पुन्हा फडात जातात. पोटात दुखतं, अंगावरून जातं, अंग बाहेर येतं, लघवी गळते. डॉक्टर एकच औषध सांगतो, गर्भपिशवी काढा. २०१९ मध्ये आमच्या पुण्याच्याच नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. बातम्या झाल्या, हळहळ झाली. पण पिशवी काढून लघवीचं गळणं थांबत नाही, हे त्या बायकांना कुणी सांगितलं होतं का? उलट २००७ साली स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की पिशवी काढलेल्या दीड लाखाहून जास्त बायकांना, न काढलेल्यांच्या तुलनेत, लघवीच्या गळतीसाठी पुढे शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. कर्करोग, आटोक्यात न येणारा रक्तस्राव अशी कारणं असतील तर पिशवी काढावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. 'आता तिचा काय उपयोग' हे कारण नव्हे. बीडच्या डॉक्टरला नावं ठेवणाऱ्या कोथरूडच्या बायकांनाही हेच वाक्य एसी केबिनमध्ये ऐकायला मिळतं. फरक बिलात.

शहरातला बाजार आणखी गुळगुळीत आहे. लेझर. पंधरा मिनिटांत, दुखत नाही, दुपारच्या सुट्टीत येऊन जा, तारुण्य परत, नवरा खूश, लघवीही बंद. मीही चौकशीला गेले होते. रिसेप्शनवरच्या मुलीने आधी पॅकेज सांगितलं, मग हप्ते सांगितले, मग विचारलं की त्रास काय आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्येच जाहीर इशारा दिला की अशा लेझर आणि तत्सम उपकरणांची योनीच्या 'कायाकल्पा'साठी किंवा लघवीच्या तक्रारींसाठी सुरक्षितता आणि परिणामकारकता सिद्ध झालेली नाही; भाजणं, व्रण, कायमचं दुखणं अशा तक्रारी आल्या आहेत. तो इशारा त्या गुळगुळीत माहितीपत्रकात कुठेही नव्हता. फुलं होती.

आणि पॅड. पॅडबद्दल मला राग नाही, पॅडने माझी नोकरी टिकवली. पण पॅड हा उपचार नाही. जाहिरातीतली बाई पॅड लावून हिरवळीवर नाचते. तिला कुणीतरी बाजूला घेऊन सांगायला हवं की तीन महिन्यांचे व्यायाम केले तर कदाचित पॅडच लागणार नाही. ते पॅडवाले का सांगतील? जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी शून्यावर आला, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. मोठ्यांच्या डायपरवरचा १२ टक्के तसाच राहिला आणि २०२५ च्या सप्टेंबरात ५ टक्क्यांवर आला. पाळी येणाऱ्या बाईची दया आली. पाळी गेलेलीची मात्र पाच टक्के बाकी राहिली.

आता उपाय. १९४८ साली अमेरिकेतले डॉ. आर्नॉल्ड केगल यांनी या स्नायूंचे व्यायाम आणि त्यांचे परिणाम छापले. म्हणजे हा उपाय पुणे महापालिकेपेक्षाही दोन वर्षांनी मोठा आहे. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर दाबाने गळणाऱ्या बायकांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के जणींनी आपण बऱ्या झालो असं सांगितलं. काहीच न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के. ब्रिटनच्या मार्गदर्शिका सांगतात की आधी किमान तीन महिने प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली हे व्यायाम, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचनं. ऑपरेशनचा विचार त्यानंतर. गोळी नाही, सुई नाही, यंत्र नाही. म्हणूनच बहुधा कुणाला त्यात रस नाही, विकायचं काय?

पण इथेही एक मेख आहे. 'केगल करा' असं सांगून चिठ्ठीवर लिहून देणं म्हणजे 'पोहा' असं लिहून माणसाला पानशेतला ढकलणं. १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात तोंडी सूचना देऊन पाहिलं, तर निम्म्याच बायकांना बरोबर जमलं, आणि पाव बायका असं काही करत होत्या की त्याने गळणं वाढू शकलं असतं. मीही त्या पाव बायकांतलीच. मी पोट आत ओढायची, श्वास कोंडायची, ढुंगण आवळायची आणि तळ खाली ढकलायची.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवलं. पडद्याआड, गुडघे वाकवून आडवं झोपवून, हातमोजा घातलेलं बोट आत ठेवून. "काकू, वारा सरणार आहे आणि बस भरलेली आहे असं समजा. धरा. नाही, पोट नका ओढू, पोट सैल सोडा. मांड्याही सोडा. आता लघवी अडवायचीय असं समजा, आतल्या आत वर उचला. श्वास घेत राहा... आलं! हेच." आयुष्याच्या उत्तरार्धात, दोन मुलं वाढवून झाल्यावर, आपल्याच शरीराचा एक स्नायू मला पहिल्यांदा सापडला. पाच सेकंद धरायचं, पाच सेकंद पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. हळूहळू दहापर्यंत. मग काही पटापट. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने, मग कुकरची शिट्टी होईतो ओट्याशी. लघवी मध्येच अडवून बघणं हे स्नायू ओळखण्यापुरतं एखाद्या वेळी ठीक. त्याचा रोज व्यायाम करू नये, मूत्राशय पूर्ण रिकामं व्हायचं राहतं.

आणखी एक युक्ती तिने शिकवली, जी मला वीस वर्षं आधी कळती तर साड्यांचे रंग मनासारखे घेतले असते. खोकला येतोय असं वाटलं की खोकायच्या आधी क्षणभर तो स्नायू आवळायचा आणि आवळूनच खोकायचं. मिशिगनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये वयस्क बायकांना ही युक्ती शिकवली; आठवड्याभरात मध्यम खोकल्याबरोबरची गळती जवळजवळ थांबली आणि जोराच्या खोकल्याबरोबरची सुमारे पाऊणपट घटली. आठवड्याभरात! शिंकेआधी मांड्या आवळण्यात मी जी वर्षं घालवली, त्यात मी जागा चुकीची आवळत होते, एवढंच.

वजनाचंही सांगते, जरी मला ते ऐकायला आवडत नाही. २००९ साली अमेरिकेत ३३८ जाड बायकांवर केलेल्या अभ्यासात सहा महिन्यांत सरासरी आठ टक्के वजन उतरलेल्या गटात गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, नुसती माहिती दिलेल्या गटात २८ टक्क्यांनी. म्हणजे ऐंशी किलोच्या बाईने सुमारे साडेसहा किलो. झिरो फिगर कुणी मागितलेली नाही.

व्यायामाने भागलं नाही तर योनीत बसवायची रिंग असते, मूत्रमार्गाला खालून आधार देते, लागेल तेव्हा घाला, नको तेव्हा काढा. आणि ऑपरेशन असतं, तेही चांगलं असतं. नेदरलँड्समध्ये २०१३ साली व्यायाम आणि मूत्रमार्गाखाली पट्टी बसवायचं ऑपरेशन यांची तुलना केली, तेव्हा वर्षाअखेर बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण ऑपरेशनकडे ९१ टक्के आणि व्यायामाकडे ६४ टक्के निघालं. व्यायाम गटातल्या जवळजवळ निम्म्या जणींनी नंतर ऑपरेशनच करून घेतलं. त्रास जास्त असेल त्या बाईला वर्षानुवर्षं 'केगल, केगल' म्हणत रखडवणं हाही अन्यायच. फक्त सही करायच्या आधी विचारा: आत कृत्रिम जाळीची पट्टी बसवणार, की माझ्याच शरीरातला पडदा वापरणार, की टाके घालून वर उचलणार? जाळी टोचू लागली, दुखू लागली तर काढणार कोण? त्या पट्टीच्या पाकिटावरचं लेबल माझ्या फायलीत लावणार का? ब्रिटनमध्ये बायका वर्षानुवर्षं दुखतंय म्हणून ओरडत होत्या आणि डॉक्टर मनाचे खेळ म्हणत होते. अखेर जुलै २०१८ मध्ये या जाळीच्या वापरावर तिथे स्थगिती आली आणि २०२० च्या चौकशी अहवालाने बायकांचं ऐकलं नाही, असं स्पष्ट लिहिलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईला जो सर्जन 'तुम्ही गूगल फार वाचता' म्हणतो, त्याच्या खुर्चीतून उठून यावं.

सुरुवातीला 'ते पुढे' म्हणून ठेवलं होतं, ते आता. लघवी धरता येत नाही अशा बाईला पुण्यात रस्त्यावर जायला जागा कुठे आहे? लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीला गेलेली बाई कुठे जाते? हॉटेलात नको असलेली कॉफी मागवून. स्वच्छतागृहांसाठी विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाला थेट मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, पुणे महापालिका आयुक्तांविरुद्ध. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की बायकांसाठी रस्त्यांवर, सार्वजनिक ठिकाणी स्वच्छ स्वच्छतागृहं देणं हे महापालिकांचं कर्तव्य आहे, राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा तो भाग आहे. एका मासिकाच्या संपादिकांना लघवीसाठी घटनेचं कलम शोधावं लागतं, आणि पुरुषाला भिंत पुरते. त्या निकालाला दहा वर्षं झाली. विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते तेव्हा लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून त्या निकालाचं काय झालं ते बघा.

तरी स्वच्छतागृह हा दुसरा प्रश्न, पहिला नाही. पहिला प्रश्न या लेखाच्या माथ्यावर लिहिलाय, आणि तो विचारायला एक पैसा लागत नाही. सरकारी नियमानुसार दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई सहा वेळा जाते: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. ही पद्धतसुद्धा गडचिरोलीच्याच बंग दांपत्याच्या कामातून उभी राहिलेली. आशाताई बाळाचं वजन करते, ताप बघते, दूध पितंय का विचारते. पुढे सहा, दहा, चौदा आठवड्यांना, मग नवव्या महिन्यात बाळाच्या लसीसाठी आई स्वतः चालत दवाखान्यात येते. माता आणि बाल संरक्षण कार्ड तिच्या हातात असतं. त्यावर बाळाच्या वाढीचा आलेख आहे, लसींचे रकाने आहेत, आईच्या नावाने 'माता' हा शब्दही आहे.

माझी मागणी अशी. बेचाळिसाव्या दिवशी आणि पुन्हा नवव्या महिन्याच्या लसीला, हा एक प्रश्न. बाळंतपणानंतर लगेच थोडं गळणं पुष्कळजणींचं आपोआप थांबतं, म्हणून दोनदा. उत्तर हो आलं तर तिला व्यायाम शिकवणारं माणूस त्याच इमारतीत हवं. 'अमुक हॉस्पिटलला जा' अशी चिठ्ठी नको, कारण कडेवर बाळ घेऊन दोन बसा बदलून ती जाणार नाही. महापालिकेच्या प्रत्येक प्रसूतिगृहात आठवड्यातले दोन दिवस एक फिजिओथेरपिस्ट. तिला लागणारं सामान म्हणजे एक खाट, हातमोजे आणि एक जाड पडदा. पडद्याचं टेंडर मात्र काढू नका. पडदा आम्ही शिवून देऊ.